पाणखेडची झालर

तबस्सुमभाभींची आणि माझी ओळख दगडफुलामुळे झाली. आम्ही नाशिकला, इंदिरानगरच्या या इमारतीत नुकते राहायला आलो होतो. उन्हाळा होता, ओट्यावर काळ्या मसाल्याचं सामान पसरलेलं, खोबरं भाजून झालेलं, आणि दारात एक उंच, चष्मा लावलेल्या बाई उभ्या.

"मी खालच्या मजल्यावरची. मसाल्याचा वास आला म्हणून आले. दगडफूल अजून भाजलं नसेल तर जरा बघू द्याल?"

वाटीभर काही मागायला शेजारणी येतात. नुसतं बघायला कोणी आल्याचं मला आठवत नव्हतं. मी पुडा पुढे केला. त्यांनी ओढणीखालून दोरीला बांधलेलं भिंग काढलं, खिडकीच्या उजेडाला गेल्या आणि एकेक काळपट पापुद्रा उलटापालटा करून बघू लागल्या.

"यात तीन प्रकार आहेत, ताई."

"दुकानदाराने तर एकच भाव लावला."

"त्याला कुठं माहितीये! तो म्हणेल, सगळं एकाच पोत्यातून आलं." त्या हसल्या. एक पापुद्रा रुमालात गुंडाळून घेतला आणि जाताना म्हणाल्या, "मसाला झाला की मला द्या हं थोडा. आमच्या घरात तो कोणाला जमत नाही."

तेव्हापासून आमचं येणं-जाणं सुरू झालं. दगडफूल हे फूल नव्हे, हे बी.ए. होऊनही मला माहीत नव्हतं. एक बुरशी आणि एक शेवाळ मिळून ते तयार होतं. पुस्तकात त्याला शैवाक म्हणतात. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. आतलं शेवाळ उन्हावर दोघांचा स्वयंपाक करतं. भाभींनी हे सांगितलं तेव्हा त्यांचे मिस्टर, अब्बासभाई, चहाचा कप घेऊन शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "म्हणजे वहिनी, या घरातली बुरशी मी."

"आणि स्वयंपाक कोण करतं ते पण सांगा," भाभी म्हणाल्या.

असं ते जोडपं. भाभी मालेगावच्या, यंत्रमागांच्या खटखटाटात वाढलेल्या. वडिलांनी हट्टाने नाशिकला शिकायला पाठवलं, वनस्पतिशास्त्र घेऊन त्या एम.एस्सी. झाल्या आणि मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत राहिल्या. पुढे संशोधन करायचं होतं, ते राहून गेलं. सासरचं मोठं कुटुंब, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. पण रविवार त्यांनी स्वतःसाठी राखला होता. रविवारी त्या झाडं बघायला जायच्या, म्हणजे झाडांची साल बघायला. अब्बासभाई वीज मंडळात होते. जिल्ह्यातलं एकही गाव त्यांना अनोळखी नव्हतं. आधी मोटारसायकल, मग जुनी मारुती. ते त्यांना घेऊन जायचे. भाभी बुंध्याला नाक लावून उभ्या, आणि हे पारावर बसून गावकऱ्यांशी गप्पा मारताहेत. "बाई काय शोधताहेत हो?" कोणी विचारलं, की म्हणायचे, "माझी अक्कल. लग्नात हरवली."

हळूहळू भाभींचं सगळं ज्ञान त्यांना पाठ झालं. पाहुणे आले की भाभी तोंड उघडायच्या आत हे सुरू व्हायचे. "वर्षाला नखाच्या जाडीएवढं वाढतं! निकाह झाला त्या दिवशी उगवलं असतं ना, तर आज कुठे या बशीएवढं झालं असतं." आणि बशी उचलून दाखवायचे. भाभी मान खाली घालून हसायच्या. मला तेव्हा वाटायचं, नवऱ्याने असं आपलं काम तोंडपाठ करावं, याहून मोठं सुख कुठलं?

पाणखेड सापडलं तेही अब्बासभाईंमुळेच. चांदवड सोडलं की महामार्गावरून आत एक रस्ता जातो, डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आणि गावाच्या वर एक जुनं तळं. भोवती कोरडं, कांद्याचं रान. पण डोंगरातला झरा तळ्यात उतरतो म्हणून त्या काठाला बारमाही ओल. तिथे वाळुंजाची दहा-बारा म्हातारी झाडं पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी उभी. एका विजेच्या खांबाच्या कामाला अब्बासभाई तिथे गेले होते. घरी येऊन म्हणाले, "तुझ्यासाठी एक जागा बघून आलोय. बुंध्यांवर काहीतरी करडं-हिरवं आहे, कडेला बारीक चुण्या. परकराच्या झालरीसारख्या."

भाभींनी ते पाहिलं आणि त्यांना ओळखू येईना. त्यांनी एक कपचा लखनौच्या एका जाणकाराकडे पाठवला. आम्ही त्यांना नुसतं डॉक्टर म्हणायचो. महिन्याने डॉक्टरांचा फोन आला. ही जात उत्तरेकडची, हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतल्या पाणथळ जंगलांतली. तिथेही आता मोजक्याच जागी उरलेली. नर्मदेच्या खाली ती कोणी पाहिलेली नव्हती. "मॅडम, ही तुमच्याकडे पोहोचली कशी?"

तिचं लॅटिन नाव लांबलचक होतं. घरात आम्ही तिला अब्बासभाईंनी दिलेल्या नावानेच म्हणू लागलो, झालर.

डॉक्टर म्हणाले, ही जात धोक्यात आहे असं जगासमोर मांडायचं तर तिचा पसारा दाखवावा लागेल. कुठे आहे, किती आहे, आणि मुख्य म्हणजे कुठे नाही. मग भाभींची पायपीट सुरू झाली. नांदूरमधमेश्वरच्या बाजूची पाणथळं, गोदावरीचे काठ, इगतपुरीचे ओढे, सुरगाण्याकडची रानं. निवृत्तीनंतर तर रविवारच कशाला, कुठलाही वार. मीही दोन-चारदा गेले. एकदा दिवसभर चिखल तुडवून काही सापडलं नाही, म्हणून मी हळहळले, तर त्या बुटांचा चिखल काढत म्हणाल्या, "अहो ताई, ‘इथं नाही’ असं म्हणायला सुद्धा इथं यावं लागतं."

सगळीकडे नाहीच. नाशिक जिल्ह्यात ती फक्त पाणखेडच्या तळ्यावर, पाण्याकडच्या बाजूला, बुंध्याच्या खालच्या भागात. वर फांद्यांवर कोरडं, तिथे ती जगत नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेठच्या बाजूला काही वर्षांपूर्वी भाभींनी एका आंब्यावरचं साधं दगडफूल गावकऱ्यांना मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं. पुढच्या खेपेला गेल्या तर त्या राईतली झाडं कोयत्याने तासलेली. मसाल्याच्या व्यापाऱ्याला कोणीतरी पोत्याने विकून टाकलं होतं. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. पाणखेडमध्ये त्यांनी झालर कोणाला दाखवलीच नाही. एवढंच सांगितलं, की ही वाळुंजाची झाडं फार मोलाची आहेत, त्यांना हात लावू नका. नेमकं काय मोलाचं, ते डॉक्टर सोडले तर तिघांनाच माहीत होतं. त्या, अब्बासभाई आणि मी.

आणि गावाने ऐकलं. तळ्याला लागून पुंजाराम म्हणून एका शेतकऱ्याची झेंडूचे वाफे आहेत. तो आणि त्याची बायको गोजराबाई भाभींना ‘बाई’ म्हणत आणि त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत. "बाई, या झाडांची काडी कोणी मोडली तं माझ्याशी गाठ हाय," पुंजाराम म्हणायचा. एकदा त्याच्या स्वतःच्या मेव्हण्याने सरपणाला फांदी तोडली, तर त्याने त्याला भर चावडीत माफी मागायला लावली.

डॉक्टरांनी सुचवलं, की ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली तर झालरीला कायमचं संरक्षण मिळेल. आधी ग्रामसभेचा ठराव हवा. त्यासाठी भाभींनी चार वर्षं पाणखेडचे उंबरठे झिजवले. तळ्याचं पाणी बंद होणार नाही, गुरांना अडवणार नाहीत, हे घरोघर पटवलं. शेवटी मागच्या डिसेंबरात ठराव एकमताने झाला. त्यात नाव फक्त झाडांचं होतं, झालरीची माहिती भाभींनी वर वेगळी पाठवली. त्या संध्याकाळी भाभी माझ्याकडे आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, आता मी मेले तरी चालेल. ती राहील."

"मरायचं कशाला? चहा घ्या," मी म्हटलं.

गावाने जानेवारीत कार्यक्रम ठरवला. ठरावाचा आनंद आणि बाईंचा सत्कार. भाभींना सत्कार नको होता. त्यांनी दोनदा नाही म्हटलं. अब्बासभाईंनी मात्र हट्ट धरला, आणि का धरला ते मला ठाऊक होतं.

त्यांचे भाऊ मालेगावला असतात. धाकटा शाहनवाज तोंडाचा फार तिखट. ईदला सगळे जमले की त्याची थट्टा भाभींपासून सुरू व्हायची. "भाभीजान, आमच्या बाथरूमच्या भिंतीला पण काहीतरी हिरवं आलंय. लखनौला पाठवू का?" सगळे हसायचे. "भाईजानने सगळी उमर पेट्रोल जाळलं, कशासाठी? झाडांच्या अंगावरचा मळ बघायला!" मी एका ईदेला शिरखुर्मा खायला बसले होते, तेव्हा हे ऐकलं. अब्बासभाई सगळ्यांबरोबर हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. भाभी आत वाट्या भरत होत्या. त्यांना या बोलण्याचं काही वाटत नसे. अब्बासभाईंना वाटायचं.

म्हणून त्यांना तो मंच हवा होता. भावांना मालेगावहून बोलावलं, त्यांच्यासाठी गाडी सांगितली, भाभींना नवी साडी आणली. "आयुष्यात एकदा बघू देत ना त्यांना, वहिनी," मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले. मी म्हटलं, बघूच देत.

त्या रविवारी आम्ही तिघं मारुतीतून निघालो. द्वारका चौकात गर्दीत अडकलो तेव्हा अब्बासभाईंनी चार विनोद केले. चांदवडच्या पुढे मात्र ते गप्प झाले. मला वाटलं, भावांची काळजी असेल.

पाणखेडच्या वळणावरून तळं दिसतं. थंडीचं कोवळं ऊन होतं. तळ्याच्या काठाला एक लखलखीत पट्टा दिसला. खाली गेरूचा लाल, वर चुन्याचा पांढराशुभ्र, त्याच्या वर पुन्हा बोटभर लाल. महामार्गाच्या कडेच्या झाडांना रंगवतात ना, अगदी तसा. एकूण एक वाळुंज. प्रत्येकावर काळ्या रंगात आकडा. फांद्यांना झेंडूच्या माळा.

"गाडी थांबवा," भाभी म्हणाल्या.

"पुढे जागा आहे ना लावायला," अब्बासभाई म्हणाले, आणि गाडी मंडपापर्यंत नेली.

मी मागे बसले होते. मला समोरच्या आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. तो दचकलेला नव्हता.

भाभी उतरून सरळ पहिल्या झाडाशी गेल्या. बुंध्याला तळहात लावला, तो पांढरा झाला. मग पाण्याकडच्या बाजूने वाकून बघितलं. दुसऱ्या झाडाशी गेल्या, तिसऱ्या. त्यांची नवी चप्पल चिखलात रुतत होती. मी मागे मागे. तेवढ्यात पुंजाराम धावत आला, डोक्यावर गुलाबी फेटा, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"बाई, कसं वाटलं? सगळं गाव राबलं. वाळवी लागू नाय म्हणून गेरूत औषध बी टाकलंय."

"पुंजारामभाऊ," भाभींचा आवाज अगदी शांत होता, "नुसता रंग दिला, की आधी काही केलं?"

"असा कसा नुसता देऊ! आदी तारेच्या घासणीनं सालं घासली. काय ती बुरशी बसली व्हती खाली, हिरवी-करडी. चुना धरतच नव्हता. पोरांनी दोन दिस घासून पार साफ केली. मंग दोन हात मारले."

गोजराबाई पदराला हात पुसत आल्या होत्या. त्यांना काहीतरी बिनसल्याचं जाणवलं. बायकांना जाणवतं. त्या घाईघाईने म्हणाल्या, "आमी इचारल्याबिगर नाय केलं हां, बाई. हे म्हनले, बाईंची झाडं हायेत, आदी इचारू. साह्यबांना फोन लावला व्हता. चालंल का म्हनून. साह्यब म्हनले, द्या की."

भाभींनी वळून अब्बासभाईंकडे पाहिलं. ते मंडपाच्या दाराशी शाहनवाजला मिठी मारत होते.

लाउडस्पीकरवरून भाभींचं नाव पुकारलं गेलं. मला वाटलं, आता त्या परत गाडीत जाऊन बसतील. पण त्या मंचावर गेल्या. शाल घेतली, नारळ घेतला. बोलायचा आग्रह झाला तेव्हा माईकशी उभ्या राहिल्या. समोर सगळं गाव, पोरांच्या नखांत अजून चुना. त्या म्हणाल्या, "तुम्ही मला शब्द दिला होता, की या झाडांना कोणाला तोडू देणार नाही. तुम्ही तो पाळला. तुमचा काही दोष नाही." लोकांना शेवटचं वाक्य कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. शाहनवाजने शिट्टी मारली. "भाभीजान, आपने तो नाम रोशन कर दिया!" अब्बासभाई मोबाईल उंच धरून सगळं टिपत होते.

जेवणं झाली. पुऱ्या, वांग्याची भाजी, जिलबी. भाभींनी पंगतीत बसून सगळं खाल्लं, गोजराबाईंनी वाढलेली दुसरी जिलबी सुद्धा.

परतीच्या वाटेवर मी काचेतून कांद्याच्या चाळी बघत होते. चांदवड आलं तेव्हा भाभी म्हणाल्या, "फोन कधी आला होता त्याचा?"

अब्बासभाईंनी गिअर बदलला. "मंगळवारी."

"आज रविवार आहे."

"तुला सांगितलं असतं तर तू सगळं थांबवलं असतंस."

"हो."

"भाईलोकांना निरोप गेले होते. गावाने रंग आणला होता. किती वर्षं मी ऐकतोय, मळ बघते, मळ बघते. एकदा तरी..."

"मला ऐकवत होते. तुम्हाला नाही."

"दोघांना ऐकवत होते!" त्यांचा आवाज चढला. मग खाली आला. "मला वाटलं, वरवर मारतील चुना. पावसात जाईल धुऊन. घासतील असं कुठे वाटलं होतं?"

"चुन्याखाली ती जगते का?"

अब्बासभाईंनी समोरचा आरसा उगाच सारखा केला.

"तुम्हीच सांगता ना सगळ्यांना. मागच्या महिन्यात मुलाच्या सासऱ्यांना सांगत होतात. चुना, धूर, सिमेंटची धूळ. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते."

अब्बासभाई एकदम म्हणाले, "चूक तुझी पण आहे. गावाला सांगायचं नाही, सांगायचं नाही. काय जपायचं तेच त्यांना माहीत नाही. मग मी पुंजारामला काय सांगणार होतो, रंग का नको म्हणून?"

"नुसतं ‘नको’ म्हणायचं होतं. त्याने कारण विचारलं नसतं." भाभींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "गावाला नव्हतं सांगितलं. तुम्हाला सांगितलं होतं."

मी मागच्या सीटवर अंग चोरून बसले होते. त्या दोघांचं भांडण मी कधी ऐकलं नव्हतं, आणि हेही भांडण नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भाभी आणि मी बसने पाणखेडला गेलो. पुंजारामला काही न सांगता मऊ ब्रश आणि पाण्याने एका झाडाची पाण्याकडची बाजू त्यांनी सावकाश धुतली. लहान मुलाचं तोंड धुवावं तशी. चुन्याखालून साल वर आली, तारेच्या चरांनी भरलेली, उघडी. सगळी झाडं भिंगाने बघितली. कुठे पापुद्रासुद्धा नव्हता. परत येताना बसच्या खिडकीशी बसून त्या म्हणाल्या, "किती वर्षं लागली असतील ताई हिला तराईतून इथवर यायला? कुठल्या पक्ष्याच्या पायाला चिकटून आली असेल. किंवा हिमयुगाच्या, थंडीच्या जुन्या काळात सगळीकडेच असेल, आणि मग फक्त इथे उरली असेल. आता कळायचा मार्ग नाही."

अब्बासभाईंनी नंतर खूप धडपड केली, हे नाकारता येणार नाही. एकटेच तळ्यावर गेले, पलीकडच्या काठाची करंज-जांभळं धुंडाळली, शंभरेक फोटो काढून आणले. ते फोटो एकेक करून भाभींपुढे धरायचे. "ही आहे का? आणि ही?" भाभी बघायच्या आणि म्हणायच्या, "नाही." न रागावता. एकदा माझ्यासमोर त्यांनी माफीही मागितली. "चुकलं माझं," म्हणाले, आणि लगेच, "पण मी तुझ्यासाठीच..." भाभी म्हणाल्या, "चहा निवतोय."

घरात वरून काही बदललं नाही. डबे, औषधं, नातवंडांचे फोन सगळं तसंच. पण भाभी पूर्वी जे काही सापडेल ते आल्या आल्या जेवणाच्या टेबलावर बशीत ठेवायच्या, आणि अब्बासभाई येता-जाता भिंगातून बघायचे. आता त्या कपचे माझ्याकडे आणून ठेवतात, माझ्या गॅलरीत. "तुमच्याकडे ऊन चांगलं येतं," म्हणतात. ऊन खाली-वर सारखंच येतं. मी विचारत नाही. अब्बासभाई एकदा जिन्यात थांबून मला म्हणाले, "वहिनी, हल्ली काय काय सापडतं तिला?" नवऱ्याने बायकोची बातमी शेजारणीला विचारावी! मला त्यांची दयाही आली आणि रागही. म्हटलं, "त्यांनाच विचारा की." ते म्हणाले, "विचारतो ना. म्हणते, काही विशेष नाही."

मार्चमध्ये डॉक्टरांचा निरोप आला. झालरीबद्दलचं मूल्यांकन ते पूर्ण करत होते, दक्षिणेकडच्या एकमेव जागेची सद्यस्थिती भाभींकडून हवी होती. ते सकाळी अकराला फोन करणार होते. भाभींनी मला खाली बोलावून घेतलं. "बसा नुसत्या," म्हणाल्या.

अब्बासभाई अस्वस्थपणे फिरत होते. "हे बघ," ते म्हणाले, "शांतपणे ऐक. गावाचा ठराव वर गेलाय. दुर्मीळ जात आहे म्हणूनच तो गेलाय. तू आज नाही म्हणालीस, तर तो बारगळेल. झाडं पण जातील. जुने फोटो आहेत आपल्याकडे. ‘आहे’ म्हण. लखनौहून पाणखेडला कोण येतंय बघायला?"

खरं सांगते, मला ते पटलं होतं. निदान झाडं तरी राहतील. पुंजारामचं गाव तरी राखण करत राहील. मी भाभींकडे बघितलं.

"मी सगळीकडे जाऊन ‘नाही’ लिहिलंय," भाभी म्हणाल्या. "जिथे आहे तिथे ‘आहे’ लिहिलं, त्याला किंमत आली ती त्या ‘नाही’मुळे. एक खोटं लिहिलं तर सगळंच खोटं."

"कोणाला कळणार आहे?"

"तुम्हाला माहीत असेल ना," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तर सगळं माहीत असतं."

फोन वाजला. भाभींनी स्पीकर लावला. डॉक्टर हिंदीत बोलत, अगत्याने. तब्येत, ऊन, नातवंडं असं सगळं विचारून झालं. मग भाभींनी सांगितलं. जानेवारीपासून एकाही झाडावर नाही. तीन वेळा बघितलं, काठ पालथा घातला.

पलीकडून डॉक्टर म्हणाले, "कशामुळे, मॅडम? तोड? वणवा?"

"गेरू आणि चुना. साल घासून."

"गावाने? तुम्ही तर म्हणायचात, तुमचं गाव शब्दाचं पक्कं आहे."

"पक्कंच आहे. त्यांनी विचारून लावला."

"कोणाला विचारून?"

"आमच्या घरी."

डॉक्टर गोंधळले. "म्हणजे... तुम्ही हो म्हणालात?"

भाभींनी फोन उचलला आणि अब्बासभाईंच्या समोर धरला. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. पाहुण्यांना, गावकऱ्यांना, लेकी-सुनांना, ज्याने त्याने विचारायच्या आत उत्तर देणारा हा माणूस. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, बोलतील. बोलावं, असं मी मनातून म्हणत होते. त्यांनी मान हलवली, आणि आतल्या खोलीत निघून गेले.

"हॅलो? मॅडम?" डॉक्टर म्हणत होते.

भाभींनी फोन पुन्हा टेबलावर ठेवला. "मी नाही म्हणाले, डॉक्टरसाहेब. माझ्या मिस्टरांना विचारलं होतं. त्यांना माहीत होतं, काय होईल ते."

आत टीव्ही सुरू झाला. कुठल्या तरी बातम्या, मोठ्या आवाजात.

"मग पाणखेडपुढे ‘नष्ट’ लिहू?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

"लिहा," भाभी म्हणाल्या. "आणि कारण पण लिहा. लोक अजून कुठे कुठे झाडं रंगवत असतील."